‘रेलिगेट’ केलं म्हणजे नेमकं कुठे पाठवलं?

पत्र :

मॅडम, सप्रेम नमस्कार. मी अकरा वर्षं एका कंपनीत यंत्रांची मॅन्युअल लिहिण्याचं काम करते. आतापर्यंत यंत्र ग्राहकाकडे जायचं तेव्हा मॅन्युअल त्याच्यासोबतच जायचं. गेल्या आठवड्यात आमच्या साहेबांचा सगळ्या टीमला ईमेल आला. त्यात एक वाक्य होतं : ‘डॉक्युमेंटेशन हॅज बीन रेलिगेटेड टू फेज टू.’ शब्दकोशात ‘रेलिगेट’समोर दोन अर्थ सापडले, ‘हद्दपार करणे’ आणि ‘पदावनती करणे’. वाचून हातपाय गळाले. त्यानंतरच्या दोन्ही मीटिंगमध्ये मला फक्त टिपणं काढायला सांगितलं, मत कुणी विचारलं नाही. मी उत्तर लिहून ठेवलं आहे, अजून पाठवलेलं नाही. त्यात लिहिलंय, ‘आय हॅव बीन डिमोटेड अँड आय फील डिग्रेडेड.’ माझं इंग्रजी कामातून शिकलेलं आहे. मुलगी म्हणते, आधी शब्दाचा अर्थ नीट विचारून घे, मग पाठव. माझी खरंच पदावनती झाली आहे का? आणि डिमोट, डिग्रेड, डाउनग्रेड, रेलिगेट यांतला माझ्या बाबतीत योग्य शब्द कोणता?

उत्तर :

ताई, सप्रेम नमस्कार.

ते उत्तर पाठवलं नाहीत हे फार चांगलं केलंत. आता आधी तुमच्या पहिल्या प्रश्नाचं सरळ उत्तर देते : नाही, त्या वाक्यात तुमची पदावनती झालेली नाही. रेलिगेट झालंय ते डॉक्युमेंटेशन. तुमचं पद, तुमचा पगार, तुमचं नाव यातलं काहीही त्या वाक्यात नाही. इंग्रजी ईमेल वाचताना मनाला लागणारा शब्द दिसला, की तो ‘कशाला’ लावलाय हे आधी बोट ठेवून पाहायचं. आपण घाईत तो शब्द स्वतःला लावून घेतो आणि मग रात्रभर झोप लागत नाही.

पण म्हणून तुम्हाला जे लागलं ते उगाच लागलं, असं मी म्हणणार नाही. या क्रियापदाला खरोखरच एक टोक आहे. काम नुसतं पुढे ढकलायचं असतं तर इंग्रजीत ‘डिफर’ आहे, ‘पोस्टपोन’ आहे, अगदी साधं ‘मूव्ह’ आहे. ‘रेलिगेट’ म्हटलं की पुढे ढकलण्यासोबत आणखी एक गोष्ट होते : त्या कामाचं महत्त्व कमी धरलं जातं. तुमच्या मनाने ती बरोबर टिपली. शब्दकोशाने मात्र तिचं भाषांतर फार मोठ्या आवाजात केलं.

‘हद्दपार करणे’ हा अर्थ आधी घेते, कारण हातपाय गळाले ते त्यानेच. तो अर्थ खोटा नाही, जुना आहे. लॅटिनमध्ये ‘लेगारे’ म्हणजे एखाद्याला काही काम सोपवून पाठवणं. त्याला ‘मागे, परत’ अशा अर्थाचा ‘रे’ हा उपसर्ग लागला आणि ‘रेलेगारे’ झालं : दूर पाठवून देणं, नजरेआड करणं. याच ‘लेगारे’च्या घरातले बाकीचे शब्द तुम्ही रोज वापरता. ‘डेलिगेट’ त्यातलाच, ‘कलीग’ त्यातलाच, वारसा या अर्थाचा ‘लेगसी’ही त्यातलाच. डेलिगेट आणि रेलिगेट ही तर सख्खी भावंडं. दोघांतही पाठवणं आहे. डेलिगेट करताना अधिकार हातात देऊन पाठवतात. रेलिगेट करताना पाठवतात आणि मागे दार लावून घेतात.

रोमन कायद्यात ‘रेलेगातिओ’ ही प्रत्यक्ष शिक्षा होती. माणसाला रोमपासून दूर जाण्याचा, कधी एका ठरावीक जागीच राहण्याचा हुकूम व्हायचा. दूर घालवण्याच्या शिक्षांमध्ये ही सौम्य गणली जायची, कारण नागरिकत्व शाबूत राहायचं आणि सहसा मालमत्ताही. कवी ओव्हिडला सम्राट ऑगस्टसने इ.स. ८ मध्ये काळ्या समुद्राच्या काठी तोमिस नावाच्या गावी पाठवलं. आजच्या रुमानियातलं कॉन्स्टान्त्सा ते हेच. तिथून तो कधीच परतला नाही. पण तिथे बसून लिहिलेल्या कवितांत तो बजावून सांगतो, की माझ्या हुकमात ‘रेलेगातुस’ हा शब्द आहे, ‘एक्सुल’ नाही. ‘एक्सुल’ म्हणजे पुरता निर्वासित, हक्क गमावलेला. साम्राज्याच्या पार टोकाला फेकला गेलेला हा माणूस, आपल्या बाबतीत वापरलेल्या एका शब्दाचा अर्थ नेमका राहावा म्हणून झगडत होता. तुमचं पत्र वाचताना मला तोच आठवला. त्याचं नागरिकत्व गेलं नव्हतं, मालमत्ता गेली नव्हती. गेलं होतं ते रोम : जिथे त्याचे वाचक होते, मित्र होते, जिथे सगळं ठरत होतं ते ठिकाण.

रेलिगेटचा गाभा आजही हाच आहे. इंग्रजीत सोळाव्या शतकाच्या अखेरीस तो ‘हद्दपार करणे’ याच अर्थाने वापरला जात होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्याला ‘खालच्या, कमी महत्त्वाच्या जागी टाकणे’ हा अर्थ चिकटला आणि पुढे तोच मुख्य झाला. आता कुणी माणसाला समुद्रकाठच्या गावी रेलिगेट करत नाही. आता विषय रेलिगेट होतात, कामं होतात, मतं होतात. बातमी पहिल्या पानावरून आतल्या पानावर जाते. जुना सिद्धांत पाठ्यपुस्तकाच्या तळटीपेत जातो. बैठकीच्या खोलीतली खुर्ची माळ्यावर जाते. खुर्ची मोडलेली नसते, कुणी ती विकलेली नसते, ती अजून खुर्चीच असते. फक्त आता तिच्यावर कुणी बसत नाही.

म्हणून माझ्या मनात या दोन क्रियापदांची दोन चित्रं आहेत. ‘डिमोट’मध्ये शिडी आहे : पायऱ्या ठरलेल्या, प्रत्येकीला नाव, आणि वरच्या पायरीवरून तुम्हाला खालच्या पायरीवर उतरवलं. ‘रेलिगेट’मध्ये घर आहे : माजघरातून अडगळीच्या खोलीत. मराठीत आपण ‘अडगळीत टाकलं’, ‘वळचणीला टाकलं’, ‘कोपऱ्यात सारलं’ म्हणतो ना, रेलिगेट त्यांच्या अगदी जवळ जातो. ‘पदावनती’ त्याच्यापासून बरीच लांब आहे, कारण पदावनतीला आधी पद लागतं.

आता व्याकरणाकडे वळते. तुमच्या उत्तराची खरी गुरुकिल्ली तिथेच आहे.

रेलिगेटच्या मागोमाग ‘टू’ येतो, जवळजवळ नेहमीच. पाठवलं म्हटलं की कुठे पाठवलं हे सांगावं लागतं, तसंच. ‘रेलिगेटेड टू द बॅकग्राउंड’, ‘टू द मार्जिन्स’, ‘टू अ फुटनोट’, ‘टू द बेंच’, ‘टू अ मायनर रोल’. त्यामुळे हा शब्द दिसला की डोळे लगेच ‘टू’च्या पलीकडे न्यायचे. अपमान किती, हे क्रियापदावरून कळत नाही, ‘टू’च्या पुढच्या शब्दावरून कळतं. इतिहासाच्या कचराकुंडीत टाकणं वेगळं आणि दुसऱ्या टप्प्यात टाकणं वेगळं. तुमच्या वाक्यात ‘टू’च्या पुढे ‘फेज टू’ आहे. म्हणजे काम रद्द झालेलं नाही, त्याला जागा आहे, ती जागा मागची आहे.

इथे एक चूक पुष्कळ चांगलं इंग्रजी येणारी माणसंही करतात. या ‘टू’नंतर क्रियापद आलं तर ते ‘इंग’ लावूनच येतं. ‘शी वॉज रेलिगेटेड टू टेकिंग नोट्स’ बरोबर, ‘रेलिगेटेड टू टेक नोट्स’ चूक. हा ‘टू’ ‘आय वॉन्ट टू गो’मधला नाही, हा दिशा दाखवणारा आहे, ‘आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू’मधला. आपण मराठी माणसं इथे हमखास अडखळतो, कारण मराठीत ‘करायला’ हे एकच रूप दोन्ही कामं करतं : ‘करायला आवडतं’ आणि ‘करायला बसवलं’.

दुसरी गोष्ट, हे क्रियापद बहुतेक वेळा कर्मणी प्रयोगात भेटतं. ‘हॅज बीन रेलिगेटेड’. कुणी केलं, हे वाक्यात येतच नाही. साहेबांनी केलं, त्यांच्या साहेबांनी केलं, ग्राहकाने मागणी केली म्हणून झालं, की वेळ पुरत नव्हता म्हणून झालं? ईमेल याबद्दल गप्प आहे. मराठीत तर आपण याहून पुढे जातो. ‘मॅन्युअलचं काम मागे पडलं’ असं म्हटलं की कर्ता गायबच होतो, जणू काम आपोआप चालत मागे गेलं. रेलिगेटमध्ये निदान एवढी प्रामाणिकता आहे, की कुणीतरी केल्याशिवाय ते होत नाही. काम स्वतःहून रेलिगेट होत नाही. म्हणून त्याचं मराठी ‘मागे पडलं’ असं करू नये, ‘मागे टाकलं’ असं करावं. एका शब्दाचा फरक आहे, पण जबाबदारी त्या शब्दात आहे. तुम्ही विचारायचा प्रश्नही तिथूनच निघतो : हा निर्णय कुणाचा, आणि तो बदलायचा अधिकार कुणाकडे?

खेळाच्या पानांवर मात्र हा शब्द वेगळ्या तोऱ्यात वावरतो. तुम्ही फुटबॉल पाहत नसाल तरी हे वाचा, कारण तुमचे साहेब कदाचित तिथूनच हा शब्द शिकले असतील. इंग्लंडमधली फुटबॉल लीग १८८८ मध्ये बारा क्लबांनी सुरू केली. १८९२ मध्ये दुसरा विभाग आला. सुरुवातीला वर कोण जाणार आणि खाली कोण येणार हे ठरवायला खास चाचणी सामने व्हायचे. १८९८-९९ च्या हंगामापासून ते बंद झाले आणि गुणतक्त्यातल्या जागेवरूनच संघ आपोआप वर-खाली जाऊ लागले. आज तिथल्या सगळ्यात वरच्या विभागात, म्हणजे प्रीमियर लीगमध्ये, वीस संघ असतात. हंगामाच्या शेवटी तळाचे तीन खालच्या विभागात जातात, तिथले तीन वर येतात. खाली जाण्याला ‘रेलिगेशन’ म्हणतात आणि वर येण्याला ‘प्रमोशन’.

इथे रेलिगेट डिमोटच्या अगदी जवळ येऊन बसतो, कारण इथे खरोखर शिडी आहे. तरीही एक फरक उरतो आणि तो मला महत्त्वाचा वाटतो : खाली जाणं ही इथे शिक्षा नसते. कुणी ठपका ठेवलेला नसतो. आकड्यांनी ते ठरवलेलं असतं. मँचेस्टर सिटी १९३६-३७ मध्ये अव्वल विभागाचे विजेते होते. पुढच्याच हंगामात त्यांनी विभागातल्या सगळ्या संघांपेक्षा जास्त गोल केले, आणि तरीही ते रेलिगेट झाले. गोल केले तसे खाल्लेही होते. अशा संघाबद्दल ‘हकालपट्टी’ किंवा ‘बडतर्फी’ लिहिणं अन्यायाचं होईल. मी वृत्तपत्रासाठी भाषांतरं करत होते तेव्हा एकदा हीच चूक माझ्या हातून झाली. ‘संघाची लीगमधून हकालपट्टी’ असं मी लिहिलं, आणि एका वाचकाने पत्र पाठवून विचारलं, त्यांनी असा काय गुन्हा केला होता? तेव्हापासून मी ‘खालच्या विभागात गेला’ एवढंच लिहिते. बातमीला तेवढं पुरतं.

खेळातला आणखी एक विशेष : इथे ‘टू’ नसला तरी चालतं. ‘दे वेअर रेलिगेटेड’ एवढंच म्हटलं तरी सगळ्यांना कळतं, कारण खाली जायची जागा एकच आहे. अमेरिकेतल्या मोठ्या व्यावसायिक लीगमध्ये अशी वर-खाली जाण्याची पद्धत नाही, त्यामुळे अमेरिकी माणसाच्या कानाला हा अर्थ तितका सवयीचा नसतो.

जुन्या औपचारिक इंग्रजीत एखादा विषय निर्णयासाठी समितीकडे सोपवणं यालाही रेलिगेट म्हटलेलं सापडेल. आजच्या ईमेलमध्ये तो अर्थ धरू नका.

आता तुमच्या यादीतले बाकीचे तीन शब्द.

‘डिमोट’ हा वयाने लहान शब्द आहे. ‘प्रमोट’ला उलटा शब्द हवा म्हणून ‘डि’ लावून तो अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तयार झाला. त्याचा अर्थ स्वच्छ आहे : ज्याला अधिकार आहे अशा कुणीतरी तुमचं पद किंवा हुद्दा खाली आणला. काल सीनियर, आज ज्युनियर. कागद निघालेला असतो, बहुधा पगारही बदलतो. तुमच्या बाबतीत असं काही झाल्याचं पत्रात नाही. तेव्हा ‘आय हॅव बीन डिमोटेड’ हे वाक्य वस्तुस्थितीला धरून नाही, आणि साहेब एका ओळीत ते खोडून काढतील : ‘तुमचं पद तेच आहे.’ मग तुमचं जे खरं म्हणणं आहे तेही त्याच्यासोबत वाहून जाईल. मला काळजी याचीच वाटते. चुकीचा शब्द वापरला की खरी तक्रारसुद्धा खोटी ठरते.

‘डाउनग्रेड’ प्रतवारीचा शब्द आहे. विमानातली वरच्या वर्गाची जागा काढून खालच्या वर्गाची दिली, कर्जाचं मानांकन घसरवलं, वादळाचा जोर ओसरला म्हणून त्याला खालच्या गटात टाकलं, सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती पुन्हा बसवली, सगळीकडे डाउनग्रेड. वस्तूला आणि श्रेणीला तो शोभतो. माणसाला लावला तर माणूस वस्तू वाटायला लागतो. शक्यतो लावू नका.

‘डिग्रेड’वर मात्र थांबायला हवं, कारण हा शब्द तुम्ही उत्तरात लिहून ठेवला आहे. व्युत्पत्तीने तोही पायरी उतरवण्याचाच शब्द आहे. लॅटिन ‘ग्रादुस’ म्हणजे पायरी. डिमोट जन्मायच्या कितीतरी आधीपासून हुद्दा काढून घेण्याला इंग्रजीत डिग्रेड म्हणत. पण तो हुद्दा कसा काढून घेत, ते पाहा. ५ जानेवारी १८९५ रोजी पॅरिसमधल्या लष्करी शाळेच्या आवारात देशद्रोहाचा ठपका ठेवलेल्या कॅप्टन आल्फ्रेड ड्रायफसला सैनिकांच्या रांगांसमोर उभं केलं, त्याच्या गणवेशावरची पदचिन्हं ओरबाडून काढली आणि त्याची तलवार मोडली. तो ओरडून सांगत होता की मी निर्दोष आहे. तो निर्दोष होताच. १९०६ मध्ये ते अधिकृतपणे मान्य झालं आणि त्याला लष्करात परत घेतलं. त्या समारंभाला फ्रेंचमध्ये आणि इंग्रजीतही ‘डिग्रेडेशन’ हाच शब्द आहे. आज हुद्द्याचा अर्थ मागे सरला, पण ओरबाडण्याचा उरला. ‘आय फील डिग्रेडेड’ म्हणजे ‘माझी माणूस म्हणून असलेली किंमत चारचौघांत हिरावून घेतली’. छळ झाला, शिवीगाळ झाली, तर हा शब्द जरूर वापरा, कचरू नका. मॅन्युअल दुसऱ्या टप्प्यात गेलं, यासाठी तो फार जड आहे. आणि जड शब्द एकदा वापरून टाकला की पुढे खरंच गरज पडेल तेव्हा त्यात वजन उरत नाही.

लष्कराच्या आणि जहाजांच्या इंग्रजीत याचे आणखी नेमके शब्द आहेत. ‘रिड्यूस्ड टू द रँक्स’ म्हणजे हुद्दा काढून साधा शिपाई केला; नौदलात खालच्या अधिकाऱ्याला दर्जा उतरवून खाली आणणं म्हणजे ‘डिसरेट’. तुम्हाला ते लागणार नाहीत.

डिमोट आणि रेलिगेट यांतला फरक मला सगळ्यात चांगला प्लूटोवरून समजावता येतो. १९३० मध्ये शोध लागल्यापासून तो नववा ग्रह म्हणून शिकवला जात होता. २४ ऑगस्ट २००६ ला प्राग शहरात भरलेल्या आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या अधिवेशनात ग्रहाची व्याख्या ठरली आणि प्लूटो त्या व्याख्येतून बाहेर पडून बटुग्रहांत गेला. इंग्रजी वृत्तपत्रांनी दोन्ही क्रियापदं वापरली. ‘डिमोटेड’ म्हणणाऱ्याच्या डोळ्यांसमोर गेलेला दर्जा होता : ग्रहपद गेलं. ‘रेलिगेटेड टू ड्वॉर्फ प्लॅनेट’ म्हणणाऱ्याच्या डोळ्यांसमोर नवं ठिकाण होतं : बटुग्रहांच्या रांगेत बसवलं. घटना एकच, पण एक शब्द मागे वळून पाहतो आणि दुसरा पुढे. लोकांना प्लूटोबद्दल इतकं वाईट वाटलं, की अमेरिकन डायलेक्ट सोसायटीने २००६ सालचा शब्द म्हणून ‘प्लूटोड’ निवडला. ‘टू बी प्लूटोड’, म्हणजे आपली किंमत किंवा दर्जा कुणीतरी कमी करणं. आणि या सगळ्यात प्लूटोच्या आकारात, वजनात, कक्षेत तसूभरही बदल झाला नव्हता. तो होता तिथे होता तसाच फिरत होता.

आणखी एक लक्षात घ्या. डिमोटला प्रमोट आहे, डाउनग्रेडला अपग्रेड आहे. रेलिगेटला, खेळ सोडला तर, नेमका उलटा शब्द नाही. अडगळीतून वस्तू पुन्हा माजघरात आणण्याला इंग्रजीत एक ठरलेलं क्रियापद नाही. ‘रिस्टोर’ म्हणा, ‘ब्रिंग बॅक’ म्हणा, जे जमेल ते. म्हणून रेलिगेट झालेली गोष्ट आपोआप परत येईल असं धरून बसता येत नाही. ती परत मागावी लागते.

आता तुमच्या पत्रातल्या ज्या वाक्यावरून तुम्ही स्वतः पटकन पुढे गेलात, तिथे मला थांबायचं आहे. ‘त्यानंतरच्या दोन्ही मीटिंगमध्ये मला फक्त टिपणं काढायला सांगितलं, मत कुणी विचारलं नाही.’ ताई, रेलिगेट इथे घडलं आहे. ईमेलमधलं वाक्य कामाबद्दल होतं. हे तुमच्याबद्दल आहे. पद तेच, खुर्ची तीच, पण जिथे गोष्टी ठरतात त्या चर्चेतून तुम्हाला बाजूला सारलं आणि कोपऱ्यात वही देऊन बसवलं. अकरा वर्षं यंत्र उघडून, कळेल अशा भाषेत लोकांना समजावून देणाऱ्या माणसाला मत विचारलं जात नसेल, तर तक्रार करायला ते पुरेसं आहे. त्यासाठी ‘डिमोट’ उसना आणण्याची गरज नाही. योग्य शब्द साहेबांनीच तुमच्या हातात दिला आहे : ‘आय हॅव बीन रेलिगेटेड टू टेकिंग नोट्स.’ हे वाक्य व्याकरणाने बरोबर आहे आणि तुमच्या सांगण्यावरून खरंही आहे.

पण हे वाक्य ईमेलमध्ये घालू नका, निदान पहिल्या ईमेलमध्ये. लिहिलेलं रेलिगेट बोललेल्यापेक्षा टोचतं, आणि सगळ्या टीमला गेलेल्या ईमेलचं उत्तर सगळ्यांच्या नजरेखालून जातं. दोन मीटिंगमध्ये तसं झालं ते ठरवून केलं की त्या दिवशी टिपणं काढायला दुसरं कुणी नव्हतं, हे तुम्हाला अजून माहीत नाही. ते साहेबांना समोर बसून विचारा, मराठीत विचारा. ‘मॅन्युअलच्या दृष्टीने मला दोन गोष्टी सांगायच्या होत्या, पुढच्या मीटिंगला त्यासाठी दहा मिनिटं ठेवाल का?’ असं विचारलंत तर हो किंवा नाही, यातलं एक उत्तर द्यावंच लागेल. नाही आलं, तर मग लेखी लिहा आणि वरचं वाक्य बेलाशक वापरा.

ईमेलचं उत्तर मात्र फक्त साहेबांना, आणि त्यात फक्त प्रश्न. डिमोटेड आणि डिग्रेडेड ही दोन्ही वाक्यं काढून टाका आणि असं लिहा :

‘युअर मेल सेज डॉक्युमेंटेशन हॅज बीन रेलिगेटेड टू फेज टू. डझ दॅट मीन इट इज ओन्ली डिफर्ड, ऑर इज इट नाउ अ लोअर प्रायॉरिटी? विल द मशीन शिप विदाउट अ मॅन्युअल इन फेज वन? अँड हू डिसाइड्स व्हेन वी स्टार्ट?’

पहिला प्रश्न शब्दाचा अर्थ विचारतो, आणि तो विचारण्यात कमीपणा नाही. पुष्कळ लोक ‘रेलिगेट’ हा शब्द नुसत्या ‘शिफ्ट’च्या जागी, जरा भारदस्त वाटतो म्हणून वापरतात. साहेबांच्या मनात ‘डिफर्ड’ एवढंच असण्याची शक्यता चांगलीच आहे, आणि तसं असेल तर तेच ते लिहून देतील. दुसरा प्रश्न कामाचा आहे आणि तो त्यांनाही टाळता येणार नाही, कारण मॅन्युअलशिवाय यंत्र ग्राहकाच्या हातात पडलं तर फोन त्यांनाच येणार आहेत. तिसरा प्रश्न कर्मणी प्रयोगात लपलेल्या माणसाला वाक्यात आणतो.

समोरासमोर बोलाल तेव्हा उच्चार ‘रेलिगेट’ असा करा, जोर पहिल्या ‘रे’वर, शेवट दाराच्या ‘गेट’सारखा. ‘डेलिगेट’चं गमक वेगळं आहे : प्रतिनिधी या अर्थाने तो नाम असेल तर शेवट ‘गिट’सारखा आखूड होतो आणि क्रियापद असेल तर ‘गेट’. रेलिगेट क्रियापदच असल्यामुळे तिथे हा घोळ नाही. स्पेलिंगमध्ये मात्र ‘एल’नंतर ‘ई’ येतो, ‘आय’ नव्हे. ‘रिलिजन’च्या सवयीने हात तिकडे वळतो. मराठीत कुणाला सांगायची वेळ आली तर ‘आमचं काम मागे टाकलं’ किंवा ‘कामाला दुय्यम जागा दिली’ म्हणा. घरी मुलीला सांगताना ‘अडगळीत टाकलं’ म्हणायला माझी हरकत नाही.

साहेबांचं उत्तर ‘डिफर्ड’ असं आलं, तर त्याच ईमेलच्या पुढच्या ओळीत तारीख विचारा आणि ती लिहून घ्या. ‘लोअर प्रायॉरिटी’ असं आलं, तर ते उत्तर आणि त्या दोन मीटिंगची तुम्ही काढलेली टिपणं जवळ ठेवा आणि मला पुन्हा लिहा.